कुंकवाच्या बोटाचे बारा गुण

ज्या वस्तूला हात लावायचा नाही अशा वस्तूवर माझ्या थोरल्या साडूंइतकं प्रेम करणारा माणूस जालना जिल्ह्यात दुसरा नाही. हे मी मोजून सांगतो. जाफराबादेत त्यांच्या घरी एकशे चौदा खेळणी आहेत आणि त्यांतल्या एकाशीही आजवर कुणी खेळलेलं नाही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे तलवारवाले, मुखवटेवाले, पिळदार दंडांचे प्लॅस्टिकचे वीर. पाठीला छापील पुठ्ठा, वर पारदर्शक टोपण, आणि ते कारखान्यात चिकटवलं तसंच अजून चिकटलेलं. सील तुटलं की साडूंच्या लेखी तो वीर मेला. घरातली चांगली खोली या वीरांना दिलेली आहे, तिच्या खिडक्या बारमाही बंद, कारण उन्हानं प्लॅस्टिक पिवळं पडतं. माझी मेहुणी गव्हाच्या कोठीशेजारी झोपते. ती म्हणते, "देवा, पुढच्या जन्मी मला पुठ्ठ्यात बांधून पाठव, म्हंजी हा माणूस मला तरी जपंल." साडू शांतपणे म्हणतात, "कोपरे दुमडू देऊ नको मंग."

साडू निवृत्त शिक्षक. मी जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवतो, गेली बावीस वर्षं. "कापसाची प्रत लावता, मंग खेळण्याची काहून न्हाई?" या एका प्रश्नावर त्यांनी मला धरलं ते धरलंच. महिन्यातून दोन रविवार मी जालन्याहून एसटीनं जातो आणि भिंग घेऊन बसतो. एकूण गुण शंभर: कोपरे चाळीस, टोपण तीस, चिकटवण दहा, पुठ्ठ्याचा रंग वीस. कमरेला कळ लागते, डोळ्यांत पाणी येतं आणि साडू शेजारून म्हणतात, "साडूभाऊ, दोन गुण कृपेचे द्या की. मी आख्ख्या गावाला दिले." मी देत नाही. कापसाला कृपेचे गुण दिले असते तर एव्हाना घरी बसलो असतो.

मुंबईत एक संस्था आहे. तिकडे खेळणं पाठवलं की ते जाड पारदर्शक पेटीत कायमचं बंद करून, वर गुणांचा आकडा लावून परत पाठवतात. साडूंनी सहा वीर पाठवले, चौऱ्याऐंशीच्या वर कुणी गेला नाही. आपल्या घरात नव्वदच्या वरचा एक तरी नग असावा, एवढीच त्यांची इच्छा. माणसं काशीला जायचं म्हणतात, हे नव्वद म्हणत.

तो नग कुंभार पिंपळगावात सापडला. एका जनरल स्टोअर्सचे मालक वारले होते आणि त्यांची बायको दुकान मोडत होती. मालकांनी दरवर्षी लक्ष्मीपूजनाला वह्यांशेजारी मालातला हाच एक वीर ठेवून पुजला होता. पूजेचा नग विकायचा नाही, असा त्यांचा नेम. त्यामुळे कोपरे धारदार, टोपण काचेसारखं. फक्त पुठ्ठ्याच्या वरच्या अंगाला कुंकवाचं बोट. दरवर्षी त्याच जागी, थरावर थर. मी दोनदा तपासलं. कुंकू सोडून ब्याण्णव, कुंकू धरून ऐंशी.

साडू तीन रविवार कापसाची काडी हातात घेऊन बसले.

"पुसू का?"

"पुसा. चकचकीत पुठ्ठा आहे, निघेल."

"तुम्ही पुसलं असतं?"

"कचरा काढला की प्रत वाढते. माझा धंदाच तो आहे."

त्यांनी काडी खाली ठेवली. "त्या माणसानं इतक्या दिवाळ्या बोट टेकवलं. मी एका मिनिटात पुसून टाकू? न्हाई जमत, साडूभाऊ." नग तसाच गेला. पाच महिन्यांनी पेटीत बंद होऊन आला. आकडा ऐंशी, शेरा 'पुठ्ठ्यावर डाग'. माझा अंदाज तंतोतंत निघाला आणि मला त्याचं काही वाटलं नाही. साडू मात्र म्हणाले, "तरी आपल्याकडचा सगळ्यात चांगला नग हाच हाये," आणि त्यांनी तो मधोमध ठेवला.

यंदा त्या पिंपळगावच्या बाई जाफराबादला नातलगाकडे आल्या होत्या. पत्ता विचारत घरी आल्या. त्यांनी पेटी हातात घेतली, कुंकवाच्या जागेवर बोट ठेवलं, पुन्हा सरकवून ठेवलं.

"काच लावली व्हय, गुरुजी? हात लागंना."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी नियम सांगितला, "पेटी कापली की आकडा रद्द. मंग ऐंशीही नाही."

"ठाव हाये," साडू म्हणाले आणि लोखंड कापायचं पातं घेऊन आले. पाऊण तास आम्ही दोघं त्या पेटीशी झटत होतो. मी धरत होतो, ते कापत होते. मेहुणी दारात उभी होती. पेटी निघाली. बाईंनी आपली अनामिका त्या कुंकवावर टेकवली. खुणेच्या दोन्ही बाजूंना लाल कड उरली.

"त्यांचं बोट जाड व्हतं," त्या म्हणाल्या. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

त्या गेल्यावर साडूंनी विचारलं, "आता किती?" मी भिंग लावलं. पातं निसटून टोपणावर चरा पडला होता, एक कोपरा दबला होता. खोटं बोलता आलं असतं.

"सहासष्ट," मी म्हणालो.

"बराबर," ते म्हणाले.

अजून कुठं जुनं दुकान मोडतंय असं कळलं की आम्ही जातो. तशी दुकानं आता फारशी उरलेली नाहीत, साडूंना एसटीची पायरी चढताना माझा खांदा लागतो आणि नव्वदचा विषय ते काढत नाहीत. मीही काढत नाही.