न केलेली चौकशी

मी चौकशी केली नव्हती. एका माणसालाही विचारलं नव्हतं, आणि तरी पुण्यात प्रवेशाच्या टेबलासमोर मी भाचीची वाट बदलली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी दौंडला शाळेत विज्ञान शिकवत होतो. बहीण न्हावऱ्यात दिलेली. त्या घरात शिकलेला पाहुणा मीच, त्यामुळे कुणाला कुठं घालायचं हे मामाच्या शब्दावर ठरायचं. भाचीला बारावीला चांगले मार्क पडले. तिला बायोमेडिकल इंजिनिअरिंग हवं होतं. दाजींच्या छातीत दुखलं तेव्हा शिरूरच्या दवाखान्यात ईसीजीचं मशीन बंद होतं. दुरुस्त करणारा पुण्याहून येईपर्यंत थांबा म्हणाले. तेव्हापासून ती म्हणायची, "मामा, मला ती मशीनं उघडायला शिकायचंय."

दाजींनी मला विचारलं, "म्हंजी डॉक्टर व्हणार का मेकॅनिक?"

मला ठाऊक नव्हतं. पण विज्ञानाच्या मास्तरानं तसं कबूल कसं करायचं? म्हणालो, "चौकशी करतो, दाजी."

"करा. तुम्ही म्हणाल त्ये."

महिना शाळेत आणि शिकवण्यांत गेला. दाखल्यांची फाईल घेऊन आम्ही तिघं पुण्याच्या यष्टीत बसलो, दाजींनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "केली चौकशी. पुढं नोकऱ्या नाहीत. पोरींना तर कुणी घेतच नाही."

भाची खिडकीकडं तोंड करून बसली. मामाच्या शब्दापुढं बोलायची पद्धत नव्हती. कॉलेजात प्रवेशाच्या टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "बायोमेडिकलला जागा आहे, घेता?" तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "सिव्हिल द्या."

सिव्हिल करून ती शिरूरला एका ठेकेदाराच्या ऑफिसात लागली. दाजी चारचौघांत सांगायचे, "आमच्या पाव्हण्यानं आधी समदी चौकशी केली, म्हून पोरगी मार्गी लागली." मी मान खाली घालून चहा प्यायचो.

काही वर्षांनी बायकोला दाखवायला दौंडच्या एका दवाखान्यात गेलो. एक मुलगी डायलिसिसचं मशीन उघडून फरशीवर बसली होती. विचारलं, तर बायोमेडिकल केलेली.

"काम मिळतं का गं?"

"मिळतं की, काका. कंपन्यांत, मोठ्या हॉस्पिटलांत. सुरुवातीला पगार बेताचा, फिरावं लय लागतं. पण मशीनं वाढत चाललीत, दुरुस्तीला माणसं कुठायत?"

दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बायकोनं घरी येताना विचारलं, "तोंड का उतरलंय?" म्हणालो, "रविवारी बहिणीकडं जाऊन येतो."

रविवारी न्हावऱ्याला गेलो. भाची माहेरी आलेली. "काय मास्तर, आज वाट चुकला व्हय?" दाजी हसले. बसायच्या आधीच बोलून टाकावं असं ठरवलं होतं, नाहीतर चहा आला असता आणि मी पुन्हा गप्प राहिलो असतो.

"दाजी, तुम्ही लोकांना सांगता ती चौकशी मी केलीच नव्हती. माहीत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून खोटं बोललो." मग भाचीकडं वळलो. "पोरी, जागा समोर होती. ती मी घालवली. मला माफ कर."