दारावरून नेलेला पाइप

मे महिन्यात बदलापुरात बसून हिटर दुरुस्त करणारी बाई डोक्याने गेलेली असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं होतं. ठरवू दे. मला रविवारपर्यंतचाच वेळ होता, लोकांना काय, वेळच वेळ होता.

नीट सांगते. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी चोवीस वर्षं स्वयंपाक केला, तिन्ही शिफ्टचा, माणूस आत बसेल एवढाल्या वाफेच्या पातेल्यांत. वाफेसमोर उभी राहून राहून एकच गोष्ट मनात घर करून बसली होती की एकदा कडाक्याच्या थंडीत जाऊन बसायचं. महाबळेश्वरची थंडी नको, बादलीतल्या पाण्याचा रात्रीत दगड होतो अशी हवी. रिटायर झाले आणि आम्ही नवरा-बायकोने शाळेची एक जुनी मिनीबस घेतली. सीटा काढल्या, आत पलंग, ओटा आणि एवढीशी मोरी केली. हिमाचलात स्पीतीला जायचं ठरलं. गाडी चालवणार मी, कारण कॅन्टीनचा भाजीचा टेम्पो मीच चालवायचे. हेंद्रेपाड्यात आमच्या बिल्डिंगखाली जागा नाही, म्हणून गाडी खरवईला माझ्या मावसभावाच्या मोकळ्या प्लॉटवर उभी केली.

गुडघ्यांना संधिवात आहे माझ्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की थंडीत खुशाल जा, पण झोपायला ऊब पाहिजे, नाहीतर सकाळी उठवायला दोन माणसं लागतील. म्हणून हिटर बसवला. गाडीच्या पोटाखाली डिझेलवर चालणारी लहानशी भट्टी. ती गुलाबी कुलंट, म्हणजे थंडीत न गोठणारं पाणी, तापवते, छोटा पंप ते तापलेलं कुलंट पाइपातून गाडीभर फिरवतो आणि परत भट्टीत आणून सोडतो. वाटेत चार रेडिएटर, म्हणजे पत्र्याच्या चपट्या पेट्या, एक ड्रायव्हरच्या मागे, एक ओट्याखाली, एक मोरीत आणि शेवटचा पलंगाशी. भट्टी विकत आणली, पण पाइपाची सगळी लाइन आमच्या ह्यांनी टाकली. पस्तीस वर्षं प्लंबिंग केलेला माणूस. तांब्याचा पाइप, प्रत्येक जोडाला वितळलेल्या कथलाचा डाग दिलेला, कुठे थेंब म्हणून गळणार नाही. ते काम संपलं आणि महिन्याभरात ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. कप धरला की चहा बशीत.

मुलगा अंबरनाथ पूर्वेला राहतो. पोरगा चांगला आहे, पण भित्रा, आणि बापाचा हात पाहिल्यापासून जास्तच भित्रा. वर डोंगरात काही झालं तर कोण धावणार, हे त्याचं पालुपद. त्यात पहिल्याच चाचणीला पाच मिनिटांत लाल दिवा लागला आणि हिटर बंद पडला. झालं, आयतं कारण मिळालं त्याला. चार दिवसांत गिऱ्हाईक घेऊन हजर. उल्हासनगरचा कोणी व्यापारी, त्याला त्या गाडीचा चायनीजचा गाडा करायचा होता. माझ्या गाडीत पुन्हा वाफ आणि कढया! माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, येत्या रविवारपर्यंत हिटर चालला नाही तर चावी मी माझ्या हाताने ह्या माणसाला देईन, आणि चालला तर विकायचं नाव पुन्हा काढायचं नाही. मुलाने हात पुढे केला, मी टाळी दिली. तो सोमवार होता.

घरी येईपर्यंत माझा मलाच पश्चात्ताप व्हायला लागला, पण बोलून बसले होते.

मंगळवारी हिटरच्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा पोरगा म्हणाला, मॅडम, जरा सरांना फोन द्या. म्हटलं, सर चहा करतायत, तुम्ही माझ्याशीच बोला. मग त्याने सांगितलं की गाडी वर्कशॉपला घेऊन या, तीन आठवडे लागतील. मी फोन ठेवला. बुधवारी उल्हासनगरहून एक सिंधी काका आले, गाड्यांचे पंप दुरुस्त करण्यात हयात गेलेली. त्यांनी पंप ऐकला, मान हलवली, म्हणाले, अम्मा, पंप बदलके देखते हैं. नवा पंप लावला, भट्टी पेटवली, आणि पाच मिनिटांत पुन्हा तोच लाल दिवा लुकलुकला. माणूस सरळ. आपला पंप काढून पिशवीत घातला, जुना पुन्हा बसवून दिला, एक पैसा घेतला नाही, आणि हे आपल्या आवाक्यातलं नाही म्हणाला. रात्री मुलाचा मेसेज आला की गिऱ्हाईक रविवारी अकराला येतंय.

गुरुवारी सकाळी मी एकटी खरवईला गेले. ह्यांना बरोबर घेतलं नाही, कारण आदल्या दिवशीच मला म्हणाले होते की तुला डाळीतलं कळतं, लाइनीतलं नाही. बरं. मी डाळीचाच विचार करत बसले.

भट्टी पेटते, म्हणजे डिझेल येतंय. पंपाला हात लावला की थरथरतो, म्हणजे करंट येतोय, आणि नवा लावूनही तेच होतं, म्हणजे पंपाचा दोष नाही. मग भट्टी पाच मिनिटांत तापून बंद का पडते? कारण तिची ऊब तिच्यापाशीच राहते, पुढे जातच नाही. आमचं मोठं पातेलं असं करायचं. त्याला दुहेरी भिंत, मधल्या पोकळीत वाफ. कधी कधी अर्धं पातेलं खदखदायचं आणि अर्ध्यात डाळ कच्ची राहायची. पहिल्या वर्षी मी त्यापायी शिव्या खाल्ल्या आहेत. मग एका म्हाताऱ्या फिटरने शिकवलं की बाई, आत हवा कोंडली आहे, तिला बाहेर काढल्याशिवाय वाफ पुढे सरकणार नाही.

मी भट्टी पेटवली आणि तळहात उलटा करून पाइपावरून पुढे पुढे नेत गेले. ड्रायव्हरच्या मागचा रेडिएटर चटका बसेल इतका गरम. ओट्याखालचा गरम. तिथून पाइप दरवाजाच्या चौकटीपाशी येतो, वर चढतो, दारावरून आडवा जातो आणि पलीकडे खाली उतरतो. मी स्टुलावर चढले. दारावरचा पाइप गार. पलीकडचा गार. मोरी गार, पलंग गार. ओट्यावरचा मोठा चमचा घेऊन पाइपावर वाजवला. खाली चौकटीपाशी बद्द आवाज आला, भरलेल्या पाइपाचा. दारावर टणटण वाजला, रिकामा! हवा तिथे वर चढून बसली होती, आणि त्या एवढ्याशा पंपात तिला ढकलायची ताकद नव्हती.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण ही लाइन दारावरून कोणी नेली, ते मला माहीत होतं, आणि का नेली तेही.

आमच्याकडच्या फ्लॅटांमध्ये पाइप कोणी जमिनीतून नेत नाही. नेला आणि कधी पाझरला तर खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल धरते, मग सोसायटीची मिटिंग, मग जन्माचं वैर. म्हणून पाइप नेहमी दारावरून. तिथे ते चालतं, कारण गच्चीवरच्या टाकीचा जोर असतो आणि नळ सोडला की फुसफुसत हवा निघून जाते. गाडीतल्या लाइनीला नळच नाही. कुलंट आपलं गोल गोल फिरणार, वर कोंडलेली हवा जाणार कुठून? आणि गाडीच्या खाली राहतंय कोण, सांगा मला! खाली रस्ता आहे. पण पस्तीस वर्षांची सवय, हात आपोआप दारावर गेला. आणि ह्यांनाच काय बोलू, मी तिथेच स्टूल धरून उभी होते. छान वरून घ्या हो, म्हणजे लीकेजची भानगड नको, असं मीच म्हणाले होते. आमच्याही खालच्यांनी दोन वर्षं आमच्याशी अबोला धरला आहे.

संध्याकाळी जेवायच्या आधी सांगितलं. डाळ, पातेली, चमचा, काही मध्ये आणलं नाही. सरळ म्हटलं, "दोष पाइपात आहे. दारावर हवा कोंडली आहे."

ह्यांनी ताट बाजूला सारलं. माझ्या लाइनीला आजवर कोणी बोट लावलेलं नाही, एवढंच म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले. शुक्रवारभर एक शब्द नाही. मला संताप येत होता, खोटं कशाला बोलू. गाडी जायची वेळ आली आणि ह्यांना पाइपाच्या इज्जतीची पडली आहे! पण त्या हाताकडे लक्ष गेलं की संताप आतल्या आत जिरायचा. ते ह्यांचं शेवटचं काम होतं. ते चुकलं असं सांगणारी मी कोण, असंही वाटायचं. आणि लगेच वाटायचं, मी नाही तर कोण? मी अंबरनाथला दुकानात गेले आणि पान्याने आवळून बसवायचा टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आणि एक बारीक कॉक, म्हणजे चिमुकली तोटी, घेऊन आले. डाग द्यायला माझा हात तयार नव्हता आणि त्यांचा राहिला नव्हता. पाइप कापायचा, त्या टीवर कॉक बसवायचा, हवा सोडायला वाट करायची, एवढंच काम. हे बोलोत न बोलोत, मी कापणार होते.

शनिवारी उठले तर हे घरात नाहीत. हत्यारांची पिशवीही नाही. रिक्षा करून खरवईला पोचले तेव्हा गाडीचं दार सताड उघडं होतं. ह्यांनी एकट्याने दोन बादल्या कुलंट खाली काढून ठेवलं होतं, पँटभर गुलाबी डाग. पाइप कटर हातात घेऊन स्टुलावर उभे होते. कटर पाइपावर धरायचे, तो सटकायचा, पुन्हा धरायचे. किती वेळ चाललं होतं देव जाणे. मी दारात थांबले. मला पाहिलं तसं खाली उतरून त्यांनी कटर माझ्याकडे केला.

"तू काप," म्हणाले. "कुठे ते मी सांगतो."

मी स्टुलावर चढले. ह्यांनी सांगितलेल्या जागी पेन्सिलीने खूण केली. एकदम आवळू नको, एक फेरा मार आणि मग जरासं आवळ, असं सांगत होते. पस्तीस वर्षांत हाताखालच्या माणसावर ओरडल्याशिवाय राहिले नाहीत, त्या दिवशी आवाज चढला नाही. पाइप कापला, तोंडं घासली, टी बसवला, पान्याने आवळला. कॉक वर. कुलंट पुन्हा भरलं, पंप चालू केला आणि कॉक उघडला. फुस्स आवाज सुरू झाला तो थांबेचना. मग गुलाबी थेंब थुंकल्यासारखे उडाले, माझ्या चष्म्यावर, ह्यांच्या टकलावर, आणि मग सलग धार लागली. कॉक बंद केला. टाकीतलं कुलंट कमी झालं होतं ते भरलं, पुन्हा हवा सोडली. तिसऱ्या वेळी हवा आली नाही.

भट्टी पेटवली. पाच मिनिटं झाली. सहा. दहा. लाल दिवा लागला नाही. मोरीतला रेडिएटर कोमट झाला, मग पलंगाचा. पाऊण तासाने पलंगाच्या रेडिएटरवर हात ठेववेना. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आम्ही दोघं आत दारं लावून घामाने निथळत बसलो होतो. मला रडू आलं. ह्यांनी विचारलं नाही का ते, बरं केलं.

रविवारी अकराच्या आधी तासभर मी भट्टी पेटवून ठेवली. मुलगा आणि तो व्यापारी आले, त्यांना आत घेतलं आणि दार लावलं. बसा म्हटलं, नीट बघून घ्या. व्यापारी दोन मिनिटांत रुमालाने मान पुसायला लागला. मुलगा चारही रेडिएटरला हात लावून आला, घड्याळ बघत राहिला. वीस मिनिटं बसवला त्याला. शेवटी मी म्हटलं, माझा शब्द मी पाळला, आता तुझा पाळ.

त्याचा चेहरा पडला, पण हरल्यामुळे नव्हे. घाबरला होता तो, अगदी लहानपणी तापात घाबरायचा तसा. म्हणाला, "आई, इथे चालला हे ठीक आहे. वर बर्फात बंद पडला तर कोणाला बोलावणार आहेस?"

त्याचं खोटं नव्हतं. तिथे ना सिंधी काका, ना फोनला रेंज.

पलंगावरून ह्यांचा आवाज आला. उजवा हात डाव्या हाताने दाबून धरून बसले होते.

"बोलवायचं कशाला?" म्हणाले. "ही आहे ना. पस्तीस वर्षांत माझी चूक कोणी पकडली नव्हती, हिने पकडली. हात माझा गेलाय, हिचा नाही."

मुलाने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, दार उघडलं आणि व्यापाऱ्याला हिंदीत सांगितलं की माफ करा, गाडी विकायची नाही.