किटलीवर आलेला आळ

आधीच सांगते, माझं अक्षर म्हणजे कोंबडी कागदावरून चालत गेल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. माफ करा. शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड तालुक्यातल्या गावी, आणि त्यातही कापूस वेचायच्या दिवसांत खाडे. तरी लिहायला बसले. कारण ही गोष्ट मी तोंडानं कुणालाच सांगितलेली नाही — नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. जिला सगळ्यात आधी सांगायला हवी होती, तिला तर नाहीच.

मी हर्सूलला राहते आणि चिकलठाण्याच्या एका लहान कारखान्यात कामाला जाते. तिथं शेतातल्या पंपाचं कार्ड, म्हणजे डब्यात बसणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी, बनतं. ठरल्या वेळेला पंप चालू करायचा, ठरल्या वेळेला बंद करायचा, एवढंच त्या कार्डाचं काम. माझं काम झाडलोट, चहा, आणि हात मोकळा असला की डब्यांना स्क्रू बसवणं.

चार वर्षांपूर्वी नव्या कार्डाचं घड्याळ मागं पडायला लागलं. दिवसाला काही मिनिटं. आता मिनिटांनी काय होतंय, असं मला वाटायचं. पण ज्याच्या गावात लाईट ठराविक तासच असते, त्याला विचारा.

हे काम शाहीन मॅडमकडं होतं. वय पंचवीस, नोकरीला तीन महिने झालेले, अजून पक्क्या नव्हत्या. साहेबांनी सांगितलं होतं, महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत घड्याळ सुधारलं नाही तर काम पुण्याच्या माणसाला देणार. मग यांचं काय, ते त्यांनी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं होतं.

मॅडम मला समजेल असं सांगायच्या. तसं तिथं दुसरं कुणी करत नव्हतं.

"ताई, समजा तुम्ही भाकऱ्या थापताय आणि दारावर कुणीतरी सारखं टकटक करतंय. प्रत्येक टकटकीला हातातलं सोडून भिंतीवर एक रेघ मारायची, की परत भाकरी. रेघा मोजल्या की किती वेळ गेला ते कळतं. कार्डात टायमर अशीच टकटक करतो. कुठंतरी रेघा मारायच्या राहतायत."

"मग कार्डालाच विचारा की, कुठं राहिल्या."

"त्याला टकटक ऐकूच आली नाही, तर ते काय सांगणार?"

म्हणून बाहेरून बघणारा माणूस हवा होता. तपासायचं मोठं यंत्र दुरुस्तीला गेलेलं, आणि बाकी सगळे कामात, म्हणून मला विचारलं. टेबलावर दोन दिवे लावले — एक बिनचूक घड्याळाचा, एक आपल्या कार्डाचा. दोन्ही बरोबर लुकलुकायला हवेत. कार्डाचा मागं पडला की वहीत वेळ लिहायची आणि बटण दाबून दोघांना परत जुळवायचं. संध्याकाळी दोन तास जास्त थांबायचं, त्याचे वेगळे पैसे. मला कुणी नको म्हणायला शिकवलंच नाही, आणि खरं सांगू का — टेबलखुर्चीवर बसायला मिळणार म्हणून मला आनंदच झाला होता.

तुम्ही कधी दोन दिव्यांकडं दिवसभर बघितलंय? पहिला तास बरं वाटतं. नंतर डोळ्यांत पाणी येतं. नंतर मन कुठं कुठं जाऊन येतं.

अकरा आणि चारला चहा. मागच्या पायरीवर शेजारच्या कारखान्यातल्या दोघी यायच्या. त्यांच्यातल्या एकीच्या पोरीचं लग्न जमत होतं — दौलताबादचं स्थळ, मुलाचं किल्ल्यासमोर दुकान, पण सासू म्हणे लई कडक. अशी गोष्ट अर्धी टाकून उठता येतं का? मी पाच मिनिटांसाठी जायची आणि वीस मिनिटं बसायची. परत येऊन बघते तर दिवे पुढं-मागं झालेले. कधी झाले? कितीदा? मला काय माहीत. पण वही कोरी ठेवली तर उठून गेलेली कळणार. मग मी — हेच ते, जे लिहायला इतकी वळणं घेतली — मी मनानं वेळा लिहायची. अकरा पाच, अकरा नऊ, अकरा सोळा. चार वाजता तसंच. आणि उठून गेले नसेन तेव्हाही, डोळा चुकला की असंच. खोट्या वेळा. स्वच्छ आकड्यांत.

शाहीन मॅडमनी ती वही मन लावून वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "ताई, बघा, सगळ्यात जास्त चुका चहाच्या वेळेला होतात." आता मी सापडले, म्हटलं. पण त्यांना वाटलं भलतंच — चहाची किटली विजेची, ती लावली की लाईनीत गडबड होते आणि कार्ड बिचकतं.

मग काय विचारता. किटलीची तपासणी झाली. किटलीला वेगळी वायर आली. नवी किटली आली. शेवटी किटलीला बंदी घातली आणि मी आठवडाभर अंगणात गॅसवर चहा केला. वहीत चुका तशाच, चहाच्या वेळेला जास्त. मी पण बघा — निदान वेळा तरी बदलायच्या. तेवढीही अक्कल नव्हती.

शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी, साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "पगार इंजिनिअरचा आणि शोध किटलीचा. आता चहापत्तीची चौकशी करा." सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण मग हात धुवायला गेल्या आणि बराच वेळ नळ चालू होता. मी तिथंच उभी होते, हातात ट्रे. एक वाक्य बोलायचं होतं. मी कप गोळा केले.

शुक्रवारी मी जागची हलले नाही. चहा नाही, पायरी नाही, त्या लग्नाचं काय झालं तेही नाही. डोळे फाडून बसले. आणि दुपारपर्यंत साधी गोष्ट दिसली. पंप चालू-बंद करायची वेळ आली की कार्डातून टक असा आवाज येतो. दिवा मागं पडायचा तो दर वेळी त्या टकनंतर. मी प्रत्येक वेळेपुढं लिहिलं — टक झाल्यावर.

मॅडमनी वाचलं, खुर्ची ओढली, आणि तासाभरात ओरडल्या, "मिल गया, ताई." पंप चालू-बंद झाल्याची नोंद करताना कार्ड जणू आतून कडी लावून बसायचं. तेवढ्या वेळातल्या टकटकी बाहेरच्या बाहेर परत जायच्या. कडी लगेच काढायला शिकवलं, घड्याळ सुधारलं. शनिवारी साहेबांनी पेढे आणले, आणि मॅडमनी सगळ्यांना सांगितलं, की हे ताईंच्या नजरेमुळं सापडलं.

माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. मी खाली बघत होते. लाजाळू आहे बिचारी, असं सगळ्यांना वाटलं. पेढा मी खाल्ला. दोन खाल्ले.

शाहीन मॅडम पक्क्या झाल्या, आता त्यांच्या हाताखाली तिघं आहेत. अजून कुणी चुकीची वाट धरली की पोरं म्हणतात, "मॅडम, किटली तर नाही ना?" त्या हसतात. ते हसू बघितलं, की मला काहीतरी काम आठवतं.

जादा वेळेचे सोळाशे रुपये मला मिळाले होते. ते परत कसे देणार? का म्हणून विचारलं तर? मग मी चहाच्या वर्गणीच्या डब्यात टाकायला लागले. कधी दहा, कधी वीस, सगळे घरी गेल्यावर. खर्च भागून डब्यात पैसे उरायला लागले. एकदा मॅडमनी दोनदा मोजला आणि म्हणाल्या, "ताई, इथं उलटंच आहे. कुणी न मारलेल्या रेघा जास्तीच्या निघतायत." बिस्किटं चांगल्यातली आली, तरी पैसे उरलेच.

आज सकाळी शेवटचे वीस टाकले. सोळाशे पुरे झाले. शाहीन मॅडम शेजारीच उभ्या होत्या, आपला कप विसळत. त्यांनी मला गुड मॉर्निंग म्हटलं. मीही म्हटलं, आणि डब्याचं झाकण लावलं.