मधला तुकडा

करकंबच्या शाळेत मी बावीस वर्षं मास्तरकी केली. मास्तराला एक खोड लागते, ज्याला त्याला शहाणं करून सोडायची. मला ती होतीच, वर स्वभाव तापट. पोरांसाठी छडी होती, मोठ्यांसाठी जीभ. तात्याबा धनगराची हकीकत मी आजवर कुणाला सांगितली नाही, कारण तिच्यात ही जीभ आहे.

तात्याबाचं रान भीमेच्या अंगाला होतं, साडेतीन एकर, काळंभोर. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेल्या घरातला हा पहिला शेतकरी, त्यामुळे त्या मातीवर त्याचा भारी जीव. पण रान कुंद्याने खाल्लं होतं. कुंदा वरून साधं गवत दिसतं, खाली मुळ्या हातभर. आपला लाकडी नांगर चार बोटं माती उकरणार, त्याने कुंद्याची नुसती हजामत होते. एकोणतीस साली त्या रानात दीड पोतं ज्वारी झाली. घरात खाणारी सहा तोंडं होती. आणखी एक साल असं गेलं असतं तर रान सोडून पुन्हा मेंढरांमागे देशोधडीला लागायचं, हे तो स्वतःच बोलून दाखवी.

रानाच्या मधोमध वीस-एक पावलांचा एक तुकडा मात्र तो कधीच नांगरत नसे. त्यावर गावात दोन पक्ष होते. कुणी म्हणे तिथे त्याचा देव आहे, कुणी म्हणे आळस. मी आळसवाला. कुंदा दरसाल तिथूनच चारी दिशांना पसरायचा, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

शेतकी खात्याचं एक पत्रक शाळेत आलं, ते मी त्याला वाचून दाखवलं. कुंदा मुळासकट काढायचा तर हातभर खोल नांगरट हवी, आणि कुठे वितीएवढी जागासुद्धा सोडायची नाही. जागा सोडली की तीन वर्षांत रान पुन्हा कुंद्याचं.

"किती खोल म्हनला, गुर्जी?"

मी बोटांपासून कोपरापर्यंत हात दाखवला. तो त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिला.

"येवढं लागतंयच का?"

"लागतंयच," मी म्हणालो.

अकलूजकडे एका बागाइतदाराने हौसेने ट्रॅक्टर आणला होता. तो दोन हंगामांत बंद पडला आणि त्याचा तीन फाळांचा नांगर बाभळीखाली गंजत पडला. तात्याबाने दोन मेंढे देऊन तो घेतला आणि दोन दिवस गाडीने ओढत गावात आणला. लोक बघायला जमले. पुरेसे बैल नाहीत, ट्रॅक्टर नाही, आणि नांगर तेवढा विलायती. मीही हसून घेतलं.

ज्ञानबा लोहाराने नांगर बघून कपाळाला हात लावला. तीन फाळ ओढायला आठ हत्ती लागले असते, म्हणून दोन काढून एकच ठेवायचा ठरलं. नटबोल्ट आठ दिवस करडईच्या तेलात भिजवले, गोवऱ्यांवर तापवले, तेव्हा कुठे हलले. फाळाचं टोक झिजून बोथट झालं होतं, त्याला ज्ञानबाने जुन्या कानशीचं पोलाद तापवून जोडलं. फुटक्या चाकाला मोडक्या गाडीची लोखंडी धाव बसवली. पात्यावरचा गंज तात्याबा स्वतः विटकरीने घासायचा. महिन्याभरात ते पातं असं निघालं की त्यात माणसाचं तोंड दिसावं. ज्ञानबाच्या मजुरीला तानाबाईने, म्हणजे तात्याबाच्या बायकोने, आपण कातलेल्या लोकरीची दोन घोंगडी दिली.

अडलं ते एका दांडीपाशी. फाळ किती खोल घालायचा ते त्या दांडीवर ठरायचं, आणि ती पार जाम होती.

"हिला खिळा मारून टाकू," ज्ञानबा म्हणाला. "खोलच जायाचं हाय न्हवं?"

"न्हाय. चालता चालता उचलाय आलं पायजे."

"कशापायी?"

"पायजे."

त्या एका दांडीने पाच दिवस खाल्ले. ज्ञानबा शिव्या देत होता. तात्याबा भाता ओढत होता. मी म्हणालो, बाजारात घोडं नाही आणि याला लगामाची घाई.

चैत्रात इर्जिक घातली. शेजाऱ्यांनी आपापले बैल आणले, जेवण तात्याबाकडे. आठ बैल जुंपले आणि फाळ जमिनीत बसला. घागरीएवढी ढेकळं उलथत होती, त्यांतून कुंद्याच्या पांढऱ्या मुळ्या लोंबत होत्या. अशी नांगरट आमच्या गावाने पाहिली नव्हती. कडेकडेने फेरे घेत चौथ्या दिवशी दुपारी नांगर मधल्या तुकड्यापाशी आला. तिथे तात्याबाने दांडी ओढली. फाळ वर आला.

"बैलं सोडा. झालं," तो म्हणाला.

मी बांधावर होतो. माझं डोकं फिरलं. तिथूनच ओरडलो, "अरे, कुंद्याचं माहेरच ठेवलंस की! चार दिवस एवढी जनावरं मारलीस ती कशाला? पुढल्या साली पुन्हा रडत येशील माझ्याकडे!" लोक हसले. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

भाकरीची पाटी घेऊन आलेली तानाबाई बोलली. आवाजही चढवला नाही तिने.

"गुर्जी, तितं आमची लेक हाय."

मानमोडीच्या तापाच्या साथीत, अठरा साली, त्यांची सात महिन्यांची मुलगी गेली होती. तानाबाई तापात निपचित पडलेली, गावात उचलायला माणूस नाही. तात्याबाने स्वतः अंगात ताप असताना पोरीला रानात नेलं. बांधाशी पुरली तर कोल्ही उकरतील म्हणून मधोमध पुरली. खोल खणायला हातात बळ नव्हतं. तो परत आला आणि नऊ दिवस बरळत पडला. उठल्यावर नेमकी जागा त्याला आठवेना. मधे कुठेतरी, एवढंच. म्हणून तुकडा एवढा मोठा. जिथे जिथे असेल असं वाटलं, तेवढं सगळं त्याने सोडलं होतं.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी काहीतरी पुटपुटलो, की काळ्या मातीत अकरा वर्षांत काय राहणार.

"पायात पितळी वाळं हुतं," तानाबाई म्हणाली. "त्ये कुजतंय व्हय?" मग ती नवऱ्याकडे वळली. "नांगरा तुमी. मी संगं बघत चालती. गावली तर वटीत घिऊन नदीला निऊ. हितं कुंद्यात किती दिस ठिवायची तिला?"

तात्याबाने दांडी खाली केली. बैल चालायला लागले, हळू, कुणी चाबूक उगारला नाही. तानाबाई फाळाच्या बाजूने वाकून चालत होती. प्रत्येक ढेकूळ ती हाताने उलटं करी, फोडी, बोटांनी चाळी. दोनदा तिने नांगर थांबवला. एकदा शंख निघाला, एकदा खापरी. बायाबापड्या पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. संध्याकाळपर्यंत तो सगळा तुकडा उलथून झाला. काहीच निघालं नाही.

तेव्हा तात्याबाने मागे वळून पाहिलं. साडेतीन एकर रान उलथं पडलं होतं. तीन-साडेतीन दिवस आम्ही त्यातून हसत-खेळत नांगर फिरवला होता आणि एकाही ढेकळाकडे कुणी पाहिलं नव्हतं. तो खाली बसला. त्या माणसाचं तोंड मी अजून विसरलेलो नाही.

तो सबंध उन्हाळा ती दोघं रानात ढेकळं फोडत होती. शाळा सुटली की मीही जाऊन बसायचो. माझी बोटं सोलून निघाली. कुणी मला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. वाळे सापडले नाहीत. पुढे पाऊस लागला आणि माती बसली.

कुंदा गेला तो गेलाच. पुढल्या साली सात पोती ज्वारी झाली. तात्याबाने ती सगळी बाजारात घातली आणि घरात खायला दुसऱ्याची आणली. खात्याचा एक साहेब नांगर बघायला आला, दांडी खालीवर करून पाहिली, लोहाराची पाठ थोपटली.

साहेब गेल्यावर तात्याबा बांधावर वाहाणा काढून रानात उतरला. कापणी झालेल्या धाटांची टोकं सुयांसारखी उभी होती. मी म्हणालो, "अरे, पाय फाटतील तुझे."

तो थांबला. रागाने बोलला असता तर मला सोसलं असतं.

"पयलं त्यो तुकडा तेवढा चुकवून चालायचो, गुर्जी," तो म्हणाला. "आता पाय कुटं ठिवायचा, त्ये सांगा की."