रामभाऊ तंबाखू मागतात

जुनं यंत्र बघायला गेलात आणि घेतलं नाहीत, तर निदान एक किस्सा पदरात पडतो. घेतलंत, तर यंत्र एक आणि किस्से जन्मभर! आमच्या कारखान्यात नेमकं हेच झालं. ते यंत्र आता कुठे आहे, चालतं की गंजलं, मला माहीत नाही. किस्से मात्र सगळे माझ्याकडे राहिलेत. चार जण जमले की कुणीतरी म्हणतंच, "बापूराव, ते तंबाखूचं सांगा." मग मी सांगतो. हसायला येईल असं त्यात फार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तेव्हा बडोद्यात महाराजांचं राज्य होतं. शिक्षण सक्तीचं झालेलं, गावोगावी शाळा निघालेल्या, आणि पोरांना बसायला बाकं हवी होती. ती आमचे मालक अण्णासाहेब करून द्यायचे. अण्णांचे आजोबा शिलेदार, घोड्यावरचे. नातवाच्या वाट्याला करवत आली. मी त्यांचा कारकून, आणि रामभाऊ मुख्य मिस्त्री. रामभाऊंचा हात लाकडावर जेवढा चाले तेवढाच तबल्यावर. गुरुवारी दत्ताच्या देवळात भजनाला तेच असायचे, आणि तबला दुसऱ्या कुणाला शिवू द्यायचे नाहीत.

त्या वर्षी बाकांचं मोठं काम आलं. हाताने ते पुरं होणार नव्हतं, आणि पुरं झालं नाही तर पुढचं काम दुसऱ्याकडे जाणार होतं. अण्णांनी समा गावची वडिलोपार्जित जमीन विकली आणि ठरवलं, यंत्र घ्यायचं. एकाच सांगाड्यावर करवत, रंधा आणि भोकं पाडायचं गिरमिट, असं ते यंत्र. नवं परवडणारं नव्हतं. मग जुन्याचा शोध सुरू झाला.

रामभाऊंची परीक्षेची रीत ठरलेली होती. यंत्राकडे ते आधी बघायचेच नाहीत. "चालवतं कोण?" असं विचारायचे. तो माणूस पुढे आला की म्हणायचे, "जरा तंबाखू मळा की राव!" तंबाखू मळायची म्हणजे एक तळवा उघडा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा त्याच्यावर. दोन्ही हात समोर! बोटं शाबूत असली तर यंत्राला हात लावायचा, नाहीतर परतीचा टांगा.

"मालक खोटं बोलेल," रामभाऊ म्हणायचे, "बोटं कशी बोलतील?"

आणि गंमत म्हणजे रामभाऊ स्वतः तंबाखू खातच नव्हते. मिळालेली चिमूट ते उपरण्याच्या टोकाला बांधायचे आणि पुढच्या वळणावर झटकून टाकायचे.

*

पहिलं यंत्र एका बंद पडलेल्या नाटक कंपनीचं. पडद्यांच्या चौकटी करायला घेतलेलं. आम्ही पोचलो तर हिरवंगार, चकचकीत! अण्णा खूष झाले, कौतुकाने टेकून उभे राहिले, आणि कोटाची सबंध बाही हिरवी करून घेतली.

मालक गडबडला. "कालच जरा हात मारला, साहेब. शोभा येते."

रामभाऊंनी तंबाखूसुद्धा मागितली नाही. "अण्णा, चला. रंग ओला आहे, म्हणजे दुखणं ताजं आहे!"

तो कोट अण्णांनी पुढे कारखान्यात घालायला ठेवला. बाहीचा हिरवा रंग शेवटपर्यंत गेला नाही.

*

दुसऱ्या ठिकाणी मालक हुशार निघाला. रामभाऊंच्या तंबाखूची बातमी त्याच्यापर्यंत आधीच गेली होती. "चालवतं कोण?" विचारल्याबरोबर त्याने एक गोरा, गुबगुबीत इसम पुढे केला. त्यानेही दोन्ही हात पसरून झकास तंबाखू मळली. दहाच्या दहा बोटं जागेवर!

रामभाऊंनी चिमूट उचलता उचलता त्याच्या तळव्यावरून बोट फिरवलं.

"भाई, गादीवर किती वर्षं बसता?"

"बार वरस," तो बोलून गेला. मालकाचा मेहुणा होता, कापडाच्या दुकानात बसणारा!

खरा चालवणारा मागच्या दाराशी उभा होता, हात पंच्यात गुंडाळून. जाताना त्याने आम्हाला रामराम केला, तोही मानेनेच. 

*

तिसरं यंत्र होतं एका निवृत्त अंमलदारांच्या घरी, मागच्या पडवीत. विलायती, खोक्यातून नुकतं काढल्यासारखं. रामभाऊंनी सांगाड्यावर बोटांनी ठेका धरला. बिडाला तडा असेल तर आवाज बद्द येतो. हा आवाज घंटेसारखा स्वच्छ आला. रामभाऊंचा चेहरा उजळला. इतका उजळलेला मी तो एरवी फक्त गुरुवारी बघायचो.

"उत्तम! चालवतं कोण? जरा तंबाखू…"

सवयीने बोलून गेले बिचारे.

म्हाताऱ्या अंमलदारांनी यंत्रावर हात ठेवला. मग म्हणाले, "तो खात नसे."

मुलाने हौसेने मागवलं होतं. यंत्र मुंबईहून यायला आणि मुलगा तापाने जायला एकच आठवडा. आतल्या दाराशी मुलाची आई उभी होती. आम्ही यंत्राला हात लावला की तिची नजर आमच्या हातावर.

भाव झालाच नाही. बाहेर आल्यावर अण्णांनी विचारलं, "काय म्हणता, रामभाऊ?"

"याच्यासारखं यंत्र परत मिळणार नाही."

"मग?"

"मग काय? न्यायचं नाही."

अण्णांनीही वाद घातला नाही. आम्ही दोघंही तेव्हा मनात म्हणालो, बरोबर आहे. आजही मी बरोबरच म्हणेन. पण पुढे जे झालं, ते आठवलं की ती पडवी डोळ्यांसमोर येते आणि जीव तुटतो.

*

चौथं वाघोडियाला, एका लाकडाच्या वखारीत. वखार बंद होत होती. चालवणारा छगनभाई. "आवो, आवो, बेसो!" करून त्याने घोंगडी अंथरली. तंबाखू मागितली तर दोन्ही हातांनी मळून, थापटून पुढे केली. बोटं दहा, तळव्याला घट्टे. हात कामाचाच होता.

रामभाऊंनी सांगाडा वाजवला. तेलाचं इंजिन सुरू करून करवत चालवून पाहिली, रंधा पाहिला, गिरमिट पाहिलं. पट्टा सरळ धावत होता. सगळं ठीक.

"घ्या," रामभाऊ म्हणाले.

बैलगाडीवर यंत्र चढलं तेव्हा अण्णांनी त्याला हार घातला. "आजोबांनी घोडा आणला तेव्हा असाच घातला असेल!" ते म्हणाले. अण्णा इतके मोकळे हसलेले मी त्यानंतर पाहिले नाहीत.

*

बाकं झाली. वेळेत झाली, शाळाखात्याच्या साहेबांनी पाठ थोपटली. पोरं बसली, अण्णांचं नाव झालं.

त्या यंत्राला दोन चाकं होती. पट्टा एका चाकावर असला की यंत्र चाले. लोखंडी दांडा ओढून तो शेजारच्या मोकळ्या चाकावर सरकवला की इंजिन चालू राही आणि यंत्र थांबे. त्या दिवशी रामभाऊंनी दांडा ओढला, यंत्र थांबलं, आणि त्यांनी रंध्याच्या पात्यात अडकलेला भुसा काढायला डावा हात घातला. दांडा झिजलेला होता. पट्टा आपोआप परत सरकला.

दोन बोटं गेली. मधलं आणि त्याच्या शेजारचं.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ते पहिलं वाक्य बोलले ते असं : "बापूराव, चालू यंत्र आपण एवढं तपासलं. बंद केलेलं बंद राहतं का, ते बघायचं राहिलं."

लोहाराने नंतर दोनदा दांड्याला आकडा बसवला. दोन्ही वेळा पट्टा सरकला. मग त्या यंत्राजवळ कुणी जाईना. गुरुवारी देवळात तबल्यावर दुसरा एक जण बसू लागला. रामभाऊ मागे खांबाशी बसायचे, टाळसुद्धा घ्यायचे नाहीत. मला ते बघवत नसे, म्हणून मी भजनाला जाणंच सोडलं.

*

काही महिन्यांनी प्रतापनगरच्या स्टेशनावर छगनभाई भेटला. मी सरळ विचारलं, "तुझी बोटं कशी शाबूत राहिली रे?"

"मी तो चारच महिने चलाव्युं, साहेब," तो म्हणाला. "पहेला माझे थोरले, मोटाभाई होते."

"मग ते कुठे होते त्या दिवशी?"

"त्यांनीच तर तुमची घोंगडी आणून दिली! तुम्ही त्यांच्याकडे तंबाखू मागितलीच नाही ने."

मला घोंगडी आठवली. आणणारा माणूस काही केल्या आठवेना. हे मी रामभाऊंना सांगितलं. ते नुसते "हं" म्हणाले आणि एका हाताने पटाशीला धार लावत राहिले.

*

दुसऱ्या वर्षी बाकांचं काम आलं नाही. अण्णांची जमीन गेलेली, यंत्र कोपऱ्यात उभं, आणि घरात मुलीचं लग्न ठरलेलं. यंत्र विकल्याशिवाय अण्णांना गत्यंतर नव्हतं.

गिऱ्हाईक आलं ते डभोईकडचं. एक शेठ आणि त्याचा मिस्त्री. मिस्त्री अगदी कोवळा, विशीतला, नुकतं लग्न झालेलं. हाताला हळद अजून दिसत होती. अण्णांनी आदल्या दिवशीच रामभाऊंना गाठलं होतं. "तुम्ही उद्या घरीच थांबा. आलातच तर हात उपरण्यात असू द्या. माझी लाज तुमच्या हाती आहे, रामभाऊ."

रामभाऊंनी मान हलवली होती. म्हणजे हो की नाही, ते आम्हाला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रामभाऊ वेळेवर आले. हात उपरण्यात. भिंतीशी गप्प बसून राहिले.

पोराने सांगाडा वाजवला. इंजिन सुरू करून करवत बघितली, रंधा बघितला, गिरमिट बघितलं. पट्टा सरळ धावत होता. चालवतं कोण, हे त्याने विचारलंच नाही. त्याला ती रीत ठाऊकच नव्हती. "सरस छे, शेठ," तो म्हणाला, आणि शेठने खिशात हात घातला. अण्णांनी माझ्याकडे बघून सुटकेचा निःश्वास सोडला.

तेवढ्यात रामभाऊ उठले. पोरासमोर जाऊन उकिडवे बसले.

"भाई, तंबाखू घेणार?"

त्यांनी उपरण्यातून हात काढला. डावा तळवा पसरला, त्यावर तंबाखू ठेवली, चुना लावला, आणि उजव्या अंगठ्याने सावकाश मळू लागले. पोरगा बघत राहिला. रामभाऊंनी घाई केली नाही. चांगली मळून झाल्यावर तळवा त्याच्यापुढे धरला.

पोराने चिमूट घेतली नाही. तो शेठच्या कानाशी काहीतरी बोलला. शेठने खिशातला हात रिकामाच बाहेर काढला, "पछी आवीशुं", नंतर येऊ, म्हणाला, आणि दोघं निघून गेले.

अण्णा बराच वेळ यंत्राकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "रामभाऊ, तुम्ही तंबाखू कधीपासून खायला लागलात?"

"खात नाही, अण्णा," रामभाऊ म्हणाले. "सकाळी येताना विकत घेतली."