आदर्श ओटा

कॉलेजात असताना आम्ही तिघी वाडीत एका गोडाऊनच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. एक भिवापूरची, एक उमरेडची आणि मी. त्या दोघी कॉमर्सला, मी गृहविज्ञानाला. अन्नसुरक्षेच्या पेपरात मी वर्गात पहिली आले होते. हे मुद्दाम सांगते, कारण आमचा ओटा पाहून कोणाला ते खरं वाटलं नसतं. सुरी एकच, चिकनलाही तीच आणि काकडीलाही तीच. ओटा पुसायच्या फडक्याचा मूळ रंग कोणता, यावर आमच्यात मतभेद होते. वरण आंबलं की नाही ते आम्ही वास घेऊन ठरवायचो. एकमत झालं नाही तर वरून लसणाची फोडणी द्यायची आणि जेवायला बसायचं.

एका दुपारी माझ्याच कॉलेजची एक ज्युनिअर प्रोजेक्टसाठी आली. विद्यार्थ्यांना स्वयंपाकघरातल्या स्वच्छतेबद्दल काय माहीत असतं आणि ते प्रत्यक्षात काय करतात, हा तिचा विषय. अन्नसुरक्षा शिकवणाऱ्या आमच्या मॅडमनीच तिला माझ्याकडे पाठवलं होतं. ती विचारत गेली, मी धडाधड सांगत गेले. कच्च्या मांसाला पाट आणि सुरी वेगळी हवी. शिजलेला भात फार वेळ बाहेर ठेवायचा नाही. फडकी उकळत्या पाण्यातून काढायची. मैत्रिणी मागे उभ्या राहून गंभीरपणे माना डोलवत होत्या.

"ताई, आता किचन पाहू का?" म्हणत ती उठलीच.

मी उगाच ओढणी सावरू लागले. भिवापूरची मात्र स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"हात धुतले का तू?"

"नाही."

"मग आत कशी येशील वं? बाहेरून आली न तू? खाली नळ आहे. साबण लावून हात धू. पाय बी धू."

पोरगी ओशाळून खाली गेली. तेवढ्या वेळात खरकटी भांडी, वरणाचं पातेलं, सुरी, फडकं, सगळं कॉटखाली सरकवून आम्ही चादर जमिनीपर्यंत ओढली. ती वर आली तेव्हा ओटा लख्ख होता. तिने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि नेमकी त्याच कॉटवर येऊन बसली.

"ताई, काही आंबून राहिलं का इथं?"

"खालचं गोडाऊन आहे ते," भिवापूरची म्हणाली. "काय भरून ठेवतात, आम्हाले बी नाही समजत."

व्हिडिओ मॅडमना फार आवडला. शनिवारी मी स्वतः येऊन पाहते, असा त्यांचा निरोप आला. मग मात्र आम्हाला खरंच घासावं लागलं. टाइल्सवरचा तेलकट थर खरवडून काढला. फडकं उकळलं तेव्हा ते निळं निघालं. पण इतकं चमकवल्यावर स्वयंपाक करायचा कोणी? एक फोडणी दिली की मेहनत पाण्यात. म्हणून शनिवारपर्यंत गॅस पेटवायचाच नाही असं ठरलं आणि आम्ही नाक्यावर ट्रक थांबतात तिथल्या गाडीवर तर्री-पोहे खाऊ लागलो. तिथे प्लेटा एकाच बादलीत बुचकळून काढत. आम्ही तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

शनिवारी मॅडम ज्युनिअरला घेऊन आल्या तेव्हा उमरेडची पोट धरून कॉटवर पडली होती.

"हिला काय झालं?"

"बाहेरचं खाल्लं, मॅडम," मी म्हणाले.

"एवढं स्वच्छ किचन घरात असताना बाहेरचं कशाला खाल्लं?"

मी भिवापूरचीकडे पाहिलं. ती निळं फडकं घेऊन लख्ख ओटा पुन्हा पुसू लागली. ज्युनिअर खाली मान घालून हसू दाबत होती, ओटा फक्त दाखवण्यापुरता आहे हे तिलाही कळलं असावं.

मॅडमना उमरेडचीची दया आली. त्यांनी पदर खोचला, पाणी उकळून निववलं आणि ग्लासात मीठ-साखर कालवून चमच्याने चव पाहिली. साखर कमी वाटली. अजून थोडी घातली आणि तोच उष्टा चमचा ग्लासात घालून पुन्हा ढवळलं.

आम्ही चौघींनीही ते पाहिलं. उमरेडचीने डोळे मिटून ग्लास रिकामा केला आणि संध्याकाळपर्यंत तिला बरं वाटलं.