अर्जबाईंचा जुना लॅपटॉप

नोंदणी कचेरीच्या जिन्याखाली एक टेबल आणि दोन खुर्च्या आहेत, आणि गेली बावीस वर्षं तिथे अर्जबाई बसतात. त्यांचं खरं नाव विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. ज्याला लिहिता येत नाही तो येतो, ज्याला लिहिता येतं पण कचेरीच्या भाषेत जमत नाही तो येतो, आणि ज्याचा राग डोक्यात मावत नाही तो तर येतोच येतो. बाई सगळं ऐकून घेतात, चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "आता शिव्या वगळून पुन्हा सांगा." मग टाइप करायला घेतात.

लोक म्हणतात, बाई फटकळ आहेत. आहेतच मुळी! पण त्यांच्या पोटातून कुणाचा एक शब्द बाहेर काढून दाखवा. कुणाचा घटस्फोट, कुणाचं आजारपण, कुठल्या भावाने कुठल्या भावाला कोर्टात खेचलं, सगळं त्यांना ठाऊक, आणि सख्ख्या बहिणीलाही त्यातलं काही कळू देत नाहीत. मिजास म्हणाल तर त्यांना तेवढी एकच आहे, आणि ती त्यांना शोभते.

केलेला अर्ज मात्र त्या कधी पुसत नसत. माणसं दोन-चार वर्षांनी परत येतात, "बाई, त्या अर्जाची एक प्रत मिळेल का?" म्हणतात, आणि कचेरीने हरवलेला कागद बाईंच्या लॅपटॉपमध्ये हटकून सापडतो. तो लॅपटॉप अलीकडे पार थकला होता. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की समोरच्याचा राग निवायचा आणि तो अर्ज न करताच घरी जायचा. धंद्याला हे कसं परवडणार? शेवटी बाईंनी बाजारातल्या एका दुकानात जुना देऊन नवा घेतला. देण्याआधी सगळे अर्ज नव्यात उतरवले, जुन्यातले निवडून निवडून पुसले, पडद्यावरची कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली. दोनदा उघडून पाहिली. टोपली स्वच्छ होती आणि बाई निर्धास्त झाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेन्शनच्या अर्जासाठी एक निवृत्त मास्तर आले. हयातभर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवलेले. नवा लॅपटॉप बघून म्हणाले, "जुना विकलात वाटतं? डिस्क नीट पुसून दिलीत ना?"

"पुसली की. टोपलीसकट."

"अहो बाई, ते म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडल्यासारखं झालं. आतली पानं जागच्या जागी असतात. त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर एखादा साधा प्रोग्रामही ती परत काढून देतो."

बाईंच्या काळजात चर्र झालं. अर्ज हजारो होते, पण डोळ्यांपुढे एकच उभा राहिला. एक नर्स होती. मारकुट्या नवऱ्याला सोडून, मुलीला घेऊन गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेलेली. मुलीच्या शाळेने घरचा पत्ता कुणालाही देऊ नये, असा अर्ज तिने बाईंकडून करून घेतला होता. त्यात तो पत्ता होता, इमारत, मजला, दारासकट. नवरा वर्षभर त्याच पत्त्याच्या शोधात होता. आणि त्याचा गाळा कुठे? तर त्याच बाजारात!

"मास्तर, तुमची पेन्शन थोडी थांबेल का?"

"आठ महिने थांबलीच आहे," मास्तर उठत म्हणाले. "चला, मीही येतो."

दुकानात पोचतात तो लॅपटॉप काउंटरवर उघडा, आणि एक जाडसर गृहस्थ कळा दाबदाबून बघतायत. "हा विकायचा नाही!" बाई दारातूनच ओरडल्या.

"ताई, तो आता तुमचा राहिला नाही," दुकानदार म्हणाला. "का विकायचा नाही, ते तरी सांगा."

नेमकं तेच सांगता येईना. भर बाजारात कुणाचं काय म्हणून सांगणार? कचेरीतल्या साहेबालाही उभा-आडवा घेणारी बाई, तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "ह्यात लोकांचं आहे हो. माझं असतं तर मी आले नसते."

दुकानदार वरमला. "तीन दिवस कपाटात कुलपात होता, ताई. आत्ता काढला. आणि विकताना मी फॉरमॅट मारतोच की."

"चुटकीसरशी होतो तो फॉरमॅट नको, त्याने पानं तशीच राहतात," मास्तर म्हणाले. "जुनी फिरती डिस्क आहे. सगळी शून्यांनी भरायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"चार तास जातील त्यात! गिऱ्हाइकाने काय करायचं?"

सगळ्यांनी गृहस्थांकडे पाहिलं. त्यांनी आपली पिशवी छातीशी घट्ट धरली होती. "माझाही जुना ह्यात आहे, तुम्हालाच द्यायला आणलेला," ते हळूच म्हणाले. "आधी बाईंचा करा, मग माझा. आज काही मी घरी जात नाही!"

बाई चार तास स्टुलावरून हलल्या नाहीत. पडद्यावर आकडा सरकत होता आणि त्या डोळ्यांत तेल घालून त्याच्याकडे बघत होत्या. शेवटी मास्तरांनी पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम लावून पाहिला. काही म्हणता काही सापडलं नाही. बाईंचा जीव भांड्यात पडला.

"झालं गेलं, मिटलं," मास्तर म्हणाले. "आता ज्याचं काही ह्यात होतं, त्या माणसाला उगाच सांगून घाबरवू नका."

पण बाईंच्या मनाला ते पटेना. दुसऱ्या दिवशी त्या नर्सच्या हॉस्पिटलात गेल्या, वॉर्डाबाहेरच्या बाकावर तिची वाट पाहत बसल्या, आणि ती येताच सगळं सांगून टाकलं. "चूक माझी आहे, पोरी. तुझा पत्ता तीन दिवस परक्याच्या कपाटात होता. कुणी पाहिला नाही, पण होता. नव्यातूनही तो जाणत्याकडून पार पुसून घेतलाय. ही तुझी प्रत, तुझ्यापाशीच ठेव. पुन्हा माझ्याकडे आली नाहीस तरी मी काही म्हणणार नाही."

नर्सचा चेहरा पांढराफटक पडला. ती बाकावर टेकली.

"काकू, तुम्ही बोलला नसता तर मला कळलंही नसतं."

"म्हणून तर आले."

"त्या घरात मी सहा वर्षं होते," नर्स म्हणाली. "'माझं चुकलं' असं एकदासुद्धा कुणी म्हणालं नाही." तिने डोळे पुसले. "तुमच्याकडे यायचंच होतं मला. दुसरी खोली घेतलीय आम्ही. मोठी खिडकी आहे, लेक खूश आहे. शाळेला पुन्हा कळवायला हवं."

दुसऱ्या दिवशी ती खरंच आली. बाईंनी कळांवर बोटं ठेवली, पण काही विचारायचा त्यांना धीर होईना. नर्सने खुर्ची टेबलाला चिकटवली, पुढे वाकली आणि आपण होऊनच सांगू लागली. आधी इमारत, मग मजला, मग दार.